अंगात ताप नाही, पण रक्तात मलेरिया: बडोद्यातला एक अनुभव आणि एक विनंती

काचपट्टी (धागाकर्ती)

चौतीस वर्षं मी मलेरियाच्या काचपट्ट्या, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचं काम केलं. सुरुवातीला खेडा जिल्ह्यात, पुढे बडोद्यात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. एवढ्या काळात हजारो लोकांना मी एकच वाक्य ऐकवलं असेल, 'ताप आला की आधी रक्त तपासा'. यंदाच्या श्रावणात जे घडलं त्यानंतर ते वाक्य मला अपुरं वाटू लागलंय, म्हणून हा धागा.

आमच्या गल्लीतल्या नऊ वर्षांच्या मुलीला एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप येऊ लागला. रक्त तपासलं, व्हायवॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) निघाला. मुलगी मे महिन्यापासून शहराबाहेर गेलेली नाही. म्हणजे चावलेला डास बहुधा इथलाच. आणि डासाच्या पोटात मलेरिया आपोआप उपजत नाही. त्याने दहा-बारा दिवस आधी कुणातरी माणसाचं जंतू असलेलं रक्त प्यायलेलं असणार, आणि डास काही फार लांबचा प्रवास करत नाही. तेव्हा तो माणूसही आसपासचाच.

शहरी आरोग्य केंद्राची माणसं दुसऱ्याच दिवशी आली. 'कोईने ताव आवे छे?' असं विचारत घरोघरी फिरली. कुणालाच ताप नव्हता. शेजारी इमारतीचं काम चाललंय, तिथे पत्र्याच्या खोल्यांत दाहोदकडची तीसेक माणसं राहतात. तिथेही कुणाला ताप नाही. ताप नाही तर रक्त घेण्याचं कारण नाही, म्हणून मंडळी निघाली. त्यातल्या मोठ्या बेन माझ्या जुन्या ओळखीच्या. मी त्यांना थांबवून म्हटलं, ताप नसलेल्यांचीही बोटं टोचा, साइटवरची आणि आमच्या गल्लीतलीही. त्यांनी माझं ऐकलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

कीटवर, म्हणजे थेंबभर रक्ताची झटपट तपासणी करणाऱ्या पट्टीवर, एकच जण सापडली. साइटवर सगळ्यांचे रोटले भाजणारी बाई. तिला ना ताप, ना डोकेदुखी. 'थकवा तर रोजचाच आहे' म्हणाली.

दुसरी लागण कीटवर दिसली नाही, काचपट्टीवर दिसली. केंद्रातल्या मुलीशेजारी बसून मी सगळ्या पट्ट्या पाहिल्या. जाड थेंब, जंतू दिसावेत म्हणून लावलेला जेएसबी नावाचा रंग. शंभर फील्ड (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसतो तो गोल भाग म्हणजे एक फील्ड) पाहून काही आढळलं नाही तर निगेटिव्ह लिहायचं, ही आमची रीत. एका पट्टीची शंभर झाली, काही नाही. तरी मी पुढे पाहत राहिले. एकशे साठ-सत्तरच्या आसपास एक मोठा निळसर गोल आला, आत लाल ठिपका, भोवती तपकिरी रंगकण विखुरलेले. व्हायवॅक्सचा गॅमिटोसाइट, म्हणजे जंतूचं डासाकडे जाणारं रूप. पट्टीवरचा नंबर वहीत शोधला. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची पट्टी होती.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्याला व्हायवॅक्स झाला होता. क्लोरोक्विनने तीन दिवसांत ताप उतरला. प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यायचं होतं. पोटात जळजळते म्हणून त्याने पाचव्या दिवशी सोडलं, आणि जन्मभर लोकांना 'चौदा म्हणजे चौदा' सांगत आलेली मी, तो बरा दिसतोय म्हणून गप्प बसले. याची मला फार खंत आहे. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात निजून राहतात. क्लोरोक्विन त्यांना शिवत नाही, त्यांच्यासाठीच प्रायमाक्विन असतं. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते उठतात, आणि दर वेळी ताप घेऊनच उठतील असं नाही.

मुलीला चावलेल्या डासाने त्या बाईचं रक्त प्यायलं होतं की माझ्या भावाचं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. गल्लीतली सगळी बोटं मात्र साइटकडे होती.

एक हिशेब सांगते, मग तुमचं मत विचारते. जाड थेंबाची शंभर फील्ड म्हणजे जेमतेम पाव मायक्रोलिटर रक्त. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर, म्हणजे पन्नास लाख मायक्रोलिटर. मायक्रोलिटरमागे दोन जंतू धरले तर अंगभर एक कोटी जंतू झाले, आणि माझ्या शंभर फील्डांच्या वाट्याला सरासरी अर्धा आला. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा शून्यच. प्रामाणिकपणे 'निगेटिव्ह' लिहिलेलं, आणि अंगात एक कोटी.

माझी सूचना अशी: दिवाळीनंतर लोक गावाहून परततात, तेव्हा शहरातल्या प्रत्येक साइटवर आणि प्रत्येक वस्तीत सरसकट सगळ्यांची कीटने तपासणी व्हावी, ताप असो वा नसो. काय वाटतं?

सूरसागरकाठ

ताई, वाचून अंगावर काटा आला. पण एक मुळातली शंका. ताप नाही, त्रास नाही, तर त्या माणसाचं नुकसान काय? आपलं शरीर त्या जंतूला सांभाळून घेतंय असंच ना?

काचपट्टी

बाहेरून तसं दिसतं. पण जंतू तांबड्या पेशी फोडतच असतो. त्या रोटलेवाल्या बाईचं हिमोग्लोबिन आठच्या खाली निघालं. सगळा दोष मलेरियाचा म्हणणार नाही, खाण्यापिण्याचीही आबाळ आहेच. पण असं महिनोन्महिने रक्त झिजलं की माणूस त्यालाच आपली प्रकृती समजू लागतो. पोरं वर्गात डुलक्या घेतात, बाई धापा टाकत घमेली उचलते. 'त्रास नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'त्रासाची सवय झाली' एवढाच असतो. गरोदर बाईचं तर आणखी वेगळं. फॅल्सिपेरम, ज्याला इथे झेरी मलेरिया म्हणतात, तो वारेत दडून बसतो. बोटाच्या रक्तात दिसत नाही आणि बाळ कमी वजनाचं जन्माला येतं.

मांजलपूर_सेक्रेटरी

मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आमच्या शेजारीही दोन साइटी चालू आहेत. माझं मत स्पष्ट आहे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मजुराने रक्ताचं सर्टिफिकेट आणावं, नाहीतर ठेकेदाराने त्याला कामावर घेऊ नये. पॉझिटिव्ह असेल त्याला बरा होईपर्यंत गावी पाठवावं. कठोर वाटेल, पण आमच्याकडेही लहान मुलं आहेत.

पत्र्याचीखोली

सेक्रेटरी साहेब, मी बारा वर्षं साइट सुपरवायझर होतो. अशाच पत्र्याच्या खोल्यांशेजारी राहिलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमचा नियम लागू झाला तर पहिल्याच आठवड्यात लोक ताप लपवायला शिकतील. कडियानाक्यावर सकाळी उभा राहणारा माणूस त्या दिवसाच्या मजुरीवर रात्री पीठ विकत घेतो. रक्त दिल्यावर काम जाणार हे कळलं की तो बोट पुढे करणार नाही. मेडिकलमधून तापाची गोळी घेईल आणि कामावर हजर होईल. आज निदान विचारल्यावर खरं सांगतात, तेही बंद होईल. आणि गावी पाठवायचं म्हणजे कुठे? जिथे फवारणी आणि दवाखाना दोन्ही लांब, तिथेच ना? तो पुन्हा येणारच आहे, घर चालवायचं आहे त्याला.

या लोकांचं वर्ष कसं असतं ते बघा. दाहोद, छोटाउदेपूर, पलीकडे झाबुआ आणि अलिराजपूर. पहिल्या पावसाला मका-भात पेरायला बहुतेक जण गावी जातात. शेतावरच्या झोपडीत, उघड्यावर झोपतात. डासांचा जोर नेमका तेव्हाच. दिवाळी, देवदिवाळी करून बायकापोरांसह शहरात येतात. होळीला पुन्हा गावी, भगोरिया असतो, कवांटचा मेळा असतो, मग परत पावसापर्यंत शहरात. म्हणजे वर्षातून दोनदा माणसांची मोठी ये-जा. त्यांच्या गावात मलेरिया राहिलाय तो त्यांनी राखून ठेवला म्हणून नव्हे. आपल्या इमारती बांधायला ते येतात आणि साइटवर त्यांना मच्छरदाणीसुद्धा मिळत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. मी सुपरवायझर असताना ती मागितली नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

आणि डास कुणाचे? इमारतीच्या तळघरात महिनाभर पाणी साचलेलं, काँक्रीटवर क्युरिंगसाठी घातलेले पाण्याचे वाफे, लिफ्टचा खड्डा. हे सगळं बिल्डरचं. मजुराचं नाही.

दांडियाबझार_जुनंघर

पत्र्याचीखोली, पूर्ण अनुमोदन. आमच्या वाड्यातल्या जमिनीखालच्या टाक्यात गेल्या आठवड्यात डासांचे पोरे (अळ्या) सापडले. घरात एकही बाहेरचा माणूस नाही.

ओपीडी_संध्याकाळची

डॉक्टर आहे, पंधरा वर्षं जनरल प्रॅक्टिस. काचपट्टीताईंचं निरीक्षण लाख मोलाचं आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही. कारण सांगतो.

आम्ही शिकत होतो तेव्हा असं मानलं जाई की लक्षणांशिवाय मलेरिया फक्त भरपूर लागण असलेल्या भागांतच सापडतो. आफ्रिकेतली गावं, आपल्याकडची ओडिशाची जंगलं. तिथे लहानपणापासून वारंवार लागण होऊन शरीर तयार झालेलं असतं. कमी लागणीच्या भागात माणूस कोरा, म्हणून जंतू शिरला की ताप येणारच. पीसीआर, म्हणजे रक्तातला जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, आल्यावर हे गणित चुकलं. सूक्ष्मदर्शकाला साधारण पन्नास ते शंभर जंतू लागतात मायक्रोलिटरमागे, ताईंसारखा डोळा असेल तर त्याहून कमी पुरतात. कीटला शंभर-दोनशे. पीसीआरला एक-दोन पुरतात, कधी त्याहूनही कमी. पीसीआरने पाहिल्यावर लक्षात आलं की सूक्ष्मदर्शक सरासरी निम्म्या लागणी गाळतो. आणि जिथे मलेरिया कमी, तिथे गाळण्याचं प्रमाण उलट जास्त. याचं एक कारण असं दिसतं की अशा भागात नवी लागण क्वचित होते. उरलेल्या लागणी बहुतेक जुन्या, शरीराने दाबून धरलेल्या.

या दबलेल्या लागणी डासाला जंतू देतात का? देतात, पण कमी. डास एका वेळी दोन-तीन मायक्रोलिटर रक्त पितो. त्यात नर आणि मादी, दोन्ही गॅमिटोसाइट यावे लागतात तेव्हा पुढची पिढी होते. जंतू विरळ असले की हा योग विरळ. पण अशी माणसं संख्येने जास्त आणि महिनोन्महिने तशीच राहतात. २०१२ साली संशोधक लूसी ओकेल आणि सहकाऱ्यांनी मांडलेला अंदाज असा की लागण अगदी कमी झालेल्या भागात माणसाकडून डासाकडे जाणाऱ्या संसर्गापैकी २० ते ५० टक्के या सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या लोकांकडून होतो.

आता कीटचा मुद्दा. सरसकट सगळ्यांना कीट लावली तर निम्मे लपलेले लोक त्यातूनही निसटणार आणि हातात निगेटिव्हचा दिलासा मिळणार. व्हायवॅक्सचे यकृतात निजलेले जंतू तर कीट काय, पीसीआरलाही दिसत नाहीत, कारण ते रक्तात नसतातच. म्हणूनच २०२२ च्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेने सरसकट तपासणी-उपचाराची शिफारस केलेली नाही. त्याऐवजी तीन गोष्टी सुचवल्या. ज्यांना धोका जास्त अशा गटांची तपासणी, मलेरियाच्या भागातून एकत्र येणाऱ्या ओळखीच्या गटांची आल्या आल्या तपासणी, आणि एक रुग्ण सापडला की त्याच्या भोवतीच्या घरांत, सोबत प्रवास केलेल्यांत शोध. तुमच्या गल्लीत त्या बेनने जे केलं ना, ते अगदी बरोबर तेच होतं, आणि म्हणूनच दोघं सापडली.

चीनने हेच वेळापत्रकात बसवलं. रुग्णाची नोंद एका दिवसात, तो कुठला याचा तपास तीन दिवसांत, त्या जागी कारवाई सात दिवसांत. २०२१ मध्ये तो देश मलेरियामुक्त जाहीर झाला.

ताईंच्या 'एक कोटी' हिशेबात एक भर. पापुआत, इंडोनेशियाच्या बाजूला, इतर कारणांनी प्लीहा काढाव्या लागलेल्या लोकांच्या प्लीहा तपासल्या गेल्या. ही माणसं मलेरियाने आजारी नव्हती. तरी प्लीहेत जिवंत जंतू खच्चून भरलेले, रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हा बोटाच्या थेंबात जे दिसतं ते विहिरीच्या काठावरून दिसणारं पाणी आहे.

काचपट्टी

डॉक्टर, हे वाचून दोन दिवस विचार केला. कीटबाबत तुमचं म्हणणं मान्य. माझ्याच भावाला कीटने निगेटिव्ह सांगितलं होतं आणि तरी मी कीटच सुचवत होते. माझी सूचना बदलते: सरसकट नको. परतणारे गट आणि सापडलेल्या रुग्णाभोवतीचा शोध.

पण एक गोष्ट तुमच्यानंतर जोडावीशी वाटते. 'धोक्याचा गट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लगेच मजूर येतो. या यादीत आपणही आहोत. कॅम्बोडियाच्या सीमेवर जंगलात लाकडं तोडायला जाणारे तरुण पुरुष असतात. दुसरीकडे शाळकरी मुलं असतात. आमच्या गल्लीत तो चौदा गोळ्या न संपवणारा, पेन्शन घेणारा गृहस्थ होता.

वडोदरा_दारेसलाम

हा मुद्दा मला लिहायचाच होता. आमच्या कुटुंबाचा आफ्रिकेशी जुना संबंध. मेव्हणे वीस वर्षं टांझानियात आहेत, दर हिवाळ्यात इकडे येतात. दोन वर्षांपूर्वी इथे एका शस्त्रक्रियेआधी प्लेटलेट कमी आल्या म्हणून स्मिअर (रक्ताची काचपट्टी) पाहिला तर फॅल्सिपेरम. ताप अजिबात नाही. ते म्हणाले, 'तिकडे तर हे होतच असतं.' आम्ही तोवर दीड महिना एका घरात, उघड्या खिडक्यांनी झोपत होतो. विमानाने येणाऱ्याला कुणी सर्टिफिकेट मागत नाही, आणि मागावं असं आम्हालाही कधी सुचलं नाही.

रक्तपेढी_रात्रपाळी

रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे रोज येणारा प्रत्येक दाता 'मी ठणठणीत आहे' म्हणूनच येतो, आणि खरंच तसा असतो. म्हणून हा विषय आमच्या अगदी जवळचा. भारतात दान केलेल्या प्रत्येक पिशवीची मलेरियासाठी तपासणी बंधनकारक आहे, एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी आणि सिफिलिस यांच्यासोबत. मलेरिया होऊन गेला असेल तर उपचार संपल्यावर तीन महिने रक्त घेत नाही. पण तपासणी म्हणजे काचपट्टी किंवा कीट, आणि त्यांची मर्यादा वर डॉक्टरांनी लिहिलीच. त्यामुळे आमची खरी चाळणी म्हणजे दात्याशी बोलणं. फॉर्मवर 'गेल्या तीन महिन्यांत मलेरिया?' या प्रश्नापुढे लोक न वाचता 'नाही' लिहितात. कृपा करून वाचा. रक्त फ्रिजमध्ये ठेवलं म्हणून जंतू लगेच मरत नाही, आणि ती पिशवी थॅलेसेमियाच्या एखाद्या मुलाला जाते.

सूरसागरकाठ

माझ्या पुतण्याला जुलैत फॅल्सिपेरम झाला होता. औषधं पूर्ण झाली. तीन आठवड्यांनी शंका आली म्हणून पुन्हा कीट केली, परत पॉझिटिव्ह. हाही लपलेला मलेरियाच का? घरात सगळे घाबरलेत.

ओपीडी_संध्याकाळची

घाबरू नका. झेरी मलेरियाची कीट जंतू शोधत नाही, जंतूने सोडलेलं एक प्रथिन शोधते, एचआरपी-२. जंतू मेल्यावरही ते काही आठवडे रक्तात राहतं. अशा वेळी काचपट्टी पाहावी लागते. ती स्वच्छ असेल आणि ताप नसेल तर पुन्हा औषध देऊ नये. उलटही घडतं: काही जंतूंनी ते प्रथिन बनवणारं जनुकच गमावलंय, ते कीटला दिसतच नाहीत. म्हणून काचपट्टी पाहणारी माणसं जपली पाहिजेत असं मला कळकळीने वाटतं. ताईंसारखे डोळे निवृत्त होतायत आणि त्यांच्या जागी डबाभर कीट येतायत.

अकोट्याची_आई

प्रायमाक्विनबद्दल कुणी नीट सांगेल का? माझ्या शेजारणीला 'हे औषध रक्त फोडतं' म्हणून कुणीतरी भीती घातली आणि तिने सोडलं.

ओपीडी_संध्याकाळची

भीती निराधार नाही, पण ती सगळ्यांना लागू नाही. जी-६-पीडी नावाचं विकर काही लोकांत जन्मतः कमी असतं. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत हे प्रमाण जास्त आढळतं. अशांना प्रायमाक्विनने तांबड्या पेशी फुटू शकतात. म्हणून आधी त्याची तपासणी करावी. ती झाली नसेल तर निदान लघवी काळसर झाली, डोळे पिवळे झाले, दम लागला तर गोळी बंद करून लगेच दाखवावं. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. बाकीच्यांनी व्हायवॅक्ससाठी चौदा दिवस पूर्ण घ्यावं, जेवणानंतर घ्यावं म्हणजे जळजळत नाही. फॅल्सिपेरमला एकच डोस असतो, तो यकृतासाठी नाही, चंद्रकोरीसारखे गॅमिटोसाइट मारण्यासाठी असतो. तो डोस रुग्णाच्या स्वतःच्या बरं होण्यासाठी नाही, शेजाऱ्यासाठी आहे असं मी माझ्या पेशंटना सांगतो. लोक आनंदाने घेतात.

नडियादची_लेक

माहेर नडियादजवळचं. लहानपणी आमच्या गावात मलेरियावाले साहेब यायचे आणि आम्हा मुलांना गप्पी मासे द्यायचे. हौदात सोडा, डबक्यात सोडा. आम्हाला तो खेळ वाटे. पुढे कळलं की तो केवढा मोठा प्रयोग होता. मलेरिया संशोधन केंद्राने डॉ. व्ही. पी. शर्मांच्या नेतृत्वाखाली १९८३ मध्ये खेडा जिल्ह्यात सुरू केलेला. फवारणीवर विसंबून न राहता खड्डे बुजवायचे, टाक्यांना घट्ट झाकणं, मासे, आणि विहिरींत थर्माकोलचे बारीक मणी टाकायचे, म्हणजे पाण्यावर थर बसतो आणि पोऱ्यांना श्वास घेता येत नाही. कालव्यांच्या पाण्यामुळे आमच्या भागात डास अमाप होते. माझी आई अजूनही हौदात गप्पी ठेवते.

लपलेला माणूस शोधणं अवघड आहे हे या धाग्यावरून कळलं. पण लपलेलं टाकं शोधणं सोपं आहे ना? शहरातला मलेरियाचा डास, स्टिफेन्साय, स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. डास नसेल तर रक्तातल्या जंतूला पुढे जायला रस्ताच नाही.

मांजलपूर_सेक्रेटरी

वरचे सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. सर्टिफिकेटची मागणी मी मागे घेतो. पत्र्याचीखोली यांचा ताप लपवण्याचा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता. नडियादच्या ताईंचं वाचून रविवारी आमच्या सोसायटीच्या अठ्ठावीस टाक्या उघडून पाहिल्या. पाचांत पोरे होते. त्यातली एक माझ्या स्वतःच्या गच्चीवरची, झाकण वर्षभर फुटलेलं. साइटच्या तळघरातलं पाणी उपसायला बिल्डरला पत्र दिलंय, आणि मच्छरदाण्यांसाठी सोसायटीच्या फंडातून पैसे द्यायचा ठराव मांडतोय. परतणाऱ्या लोकांची तपासणी कामाच्या वेळेत, मजुरी न कापता व्हावी, हेही पत्रात घातलंय.

हिशेबनीस

देशाचा आलेख पाहिला तर हा धागा आत्ताच का महत्त्वाचा ते कळतं. २०१५ मध्ये देशात ११.६९ लाख रुग्णांची नोंद होती, २०२३ मध्ये २.२७ लाख. २०२७ पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणायची आणि २०३० पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. मुक्तीचा दाखला मिळायला सलग तीन वर्षं स्थानिक लागण शून्य लागते. पण इथवर आपण एकदा आलो होतो. १९६१ मध्ये नोंद पन्नास हजारांच्याही खाली गेली होती. सगळ्यांना वाटलं संपलं. १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांच्या वर.

काचपट्टी

मी नोकरीत आले तेव्हा आमचे वरिष्ठ त्या वर्षांबद्दल सांगायचे. पन्नास हजारांपर्यंत उतरल्यावर काचपट्ट्या कमी झाल्या, माणसं दुसऱ्या कामांना लावली गेली. डीडीटी पुरेना, डासही त्याला दाद देईनात. जंतू कुठेही गेलेला नव्हता. कुणाच्या तरी यकृतात, कुणाच्या तरी रक्तात होताच.

ओपीडी_संध्याकाळची

खेड्यापाड्यांचाही अनुभव बघण्यासारखा आहे. ओडिशाने 'दमन' मोहिमेत दुर्गम गावांत ताप नसलेल्यांचीही तपासणी केली. छत्तीसगडने २०२० मध्ये बस्तरमध्ये घरोघर तपासलं, तेव्हा पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना कसलीही लक्षणं नव्हती. तिथे लागण जास्त, म्हणून कीटलाही सापडतात आणि सगळ्यांना तपासण्यात अर्थ राहतो. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात २०१७ पासून १,२३३ गावांत ताप शोधा, तपासा, उपचार करा, पाठपुरावा करा, असं चाललं आणि रुग्ण झपाट्याने घटले. बडोद्यासारख्या शहराला यातलं कोणतंच जसंच्या तसं लागू नाही. आपलं काम बारीक आहे, एकेक रुग्णामागे जाण्याचं.

काचपट्टी

धागा काढून आता अडीच महिने झाले, घडलं ते सांगते.

भावाची जी-६-पीडी तपासणी नॉर्मल आली. चौदा दिवस रोज दुपारी जेवणानंतर मी समोर बसून गोळी दिली. नंतरच्या दोन्ही पट्ट्या स्वच्छ. शेवटची मी पाचशे फील्डपर्यंत पाहिली.

रोटलेवाल्या बाईचं मन मात्र धाकधुकीचं होतं. तिचीही तपासणी नॉर्मल होती. नवव्या दिवशी ती नवऱ्याबरोबर मक्याच्या कापणीला गावी निघाली. उरलेल्या पाच गोळ्या मी पाच वेगवेगळ्या पुड्यांत बांधून दिल्या, वर एक-एक रेघ वाढवत, पहिलीवर एक, पाचवीवर पाच रेघा. तिला वाचता येत नाही. नवऱ्याच्या फोनवर रोज संध्याकाळी फोन करायचं ठरलं. दोन दिवस लागलाच नाही, तिकडे टॉवर नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला, कुणा शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. पहिलं वाक्य होतं, 'बेन, त्रण लीटी थई गई.' तीन रेघा झाल्या.

देवदिवाळीनंतर ती मंडळी परतली. केंद्रातली माणसं आणि मी साइटवर गेलो, सकाळी कामाच्या वेळेत. ठेकेदाराने मजुरी कापली नाही. एकतीस जणांचं रक्त घेतलं, काचपट्टी आणि कीट दोन्ही. सगळ्यात आधी तिनेच बोट पुढे केलं आणि मागच्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मला ते कळलं नाही, पण रांग लागली. पट्ट्या अजून पाहते आहे. एकोणीस झाल्या. बारा राहिल्यात.